किनाबालू चढून आलेल्यांनो, इकडे या (अनुभव धागा)

आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, दीर आणि जाऊबाई, मार्चमध्ये बोर्निओला जायचं म्हणतोय. तिथला मलेशियातला किनाबालू डोंगर चढायचा आणि मग चार दिवस कोटा किनाबालू शहरात समुद्रावर लोळायचं असा बेत. उंची ४०९५ मीटर. आमची आजवरची कमाई म्हणजे कळसूबाई दोनदा, हरिश्चंद्रगड पाचनईकडून एकदा, आणि जाऊबाईंची रोजची पर्वती. जिथे बघावं तिथे "नवख्यांनाही सहज जमतो" असं लिहिलंय, त्यामुळेच मला शंका यायला लागलीय. विमानाची तिकिटं आत्ता स्वस्त दिसतायत, काढून टाकू का? ज्यांनी हा डोंगर केलाय त्यांनी लिहाच, पण त्या गरम पट्ट्यातला दुसरा कुठला केला असेल तरी चालेल. फोटो नकोत, फोटो बघून डोळे भरलेत. काय चुकलं ते सांगा.

कातळवेडा
अहो थांबा, तिकिटं काढू नका!! आधी वरची खाट, मग विमान. वर पानालाबानला ३२७२ मीटरवर मुक्कामाच्या झोपड्या आहेत (झोपड्या म्हणायचं, आहेत चांगल्या पक्क्या), तिथे जेवढ्या खाटा तेवढीच माणसं रोज वर सोडतात, दीडशेच्या आसपास. त्यामुळे खाट नाही तर परवाना नाही, आणि मार्च-एप्रिल त्यातल्या त्यात कोरडा म्हणून सगळं जग तेव्हाच येतं. आम्ही शहाणपणा करून आधी स्वस्त तिकिटं घेतली आणि मग एका एजंटाला पकडलं, त्याने "होऊन जाईल सर" म्हणत दीड महिना झुलवलं आणि शेवटी खाट मिळाली ती आमच्या परतीच्या विमानानंतर दोन दिवसांनी. तिकिटं बदलायला जे पैसे गेले त्यात घरच्यांना अलिबाग झालं असतं. गाईड सक्तीचा आहे, त्यात घासाघीस करू नका. आणि पोर्टर किलोवर पैसे घेतो, तर जाऊबाईंची बॅग द्या त्याच्याकडे, उगाच मानापमान करू नका.

मेतकूट
शाकाहारी असाल तर एवढंच. वर बुफे असतो, भात असतो, अंडी असतात, एखादी भाजी असते, उपाशी मरणार नाही. मी मेतकुटाची पुडी नेली होती. बाहेर धो धो पाऊस, बोटं गारठलेली, आणि समोर वाफाळता भात, त्यावर बटरची एक चौकोनी वडी आणि मेतकूट. शेजारच्या टेबलावरचे दोघं विचारायला आले की ही पिवळी पावडर काय आहे. अर्धी पुडी तिथेच संपली. बाकी वाटेत दर किलोमीटरभराने निवारे आहेत, पोंडोक म्हणतात त्यांना, तिथल्या खारी भयंकर धीट आहेत, माझी लोणावळ्याची चिक्की कागदासकट नेली. टाकीतलं पाणी गाळलेलं नसतं, गोळ्या ठेवा.

गुडघेपुराण
वय ५४, चढले त्याला आता दोन वर्षं झाली, आणि धागाकर्तीच्या कळसूबाईबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. बाई, चढ हा प्रश्नच नाहीये. चढ जिथून सुरू होतो ते तिंपोहोन गेट १८६६ मीटरवर, तिथून झोपडीपर्यंत सहा किलोमीटर, सगळ्या पायऱ्या, लाकडाच्या, दगडाच्या, कुठे मुळांच्याच, एक वीतभर तर पुढची पार मांडीपर्यंत, पण दिवस मोठा असतो, हळूहळू गेलं की होतं. पहिले तीन किलोमीटर तर आंबोलीच्या जंगलात फिरतोय असंच वाटतं, शेवाळं, नेचे, धुकं, आणि गाईडने दाखवलं तर घटपर्णी. पुढे झाडं बुटकी होत जातात, माती पिवळी होते, आणि एकदम वर तो राखाडी कातळ दिसतो की पोटात गोळा येतो.

रात्री दोनला उठवतात, अडीचला निघायचं. झोप मला मिनिटभर लागली नव्हती, डोकं ठणकत होतं, कारण आदल्या सकाळी आम्ही कोटा किनाबालूहून, म्हणजे समुद्रसपाटीवरून, थेट गाडीने येऊन चढायला लागलो होतो. ही आमची घोडचूक. पायथ्याशी पार्कमध्येच दीडेक हजार मीटरवर राहायची सोय आहे, नाहीतर कुंदासांगला राहा, छान थंड गाव, भाज्यांचा बाजार आहे. एक रात्र तिथे काढली असती तर डोकं एवढं चढलं नसतं. डायमॉक्स वगैरे उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच, माझ्या मैत्रिणीने आपल्याच मनाने घेतली आणि रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या केल्या.

वरचा टप्पा २.७ किलोमीटर. आधी जिने, मग कातळ आणि त्यावर टाकलेला जाडजूड पांढरा दोर. हातमोजे असे घ्या की ओले झाले तरी दोर धरता येईल, मी लोकरीचे नेले होते आईने विणलेले, दहा मिनिटांत पिळून काढावे लागले. माथ्यावर पोचले सहाच्या सुमाराला, रडले, फोटो काढला, वाऱ्याने उभं राहवेना म्हणून दहा मिनिटांत खाली.

आणि मग खरं पुराण सुरू. झोपडीत नाश्ता करून त्याच दिवशी गेटपर्यंत उतरायचं असतं. हिशेब करा, ४०९५ वरून १८६६, म्हणजे सव्वादोन हजार मीटर उतार एका दिवसात, अख्खा कळसूबाई समुद्रापासून मोजला तरी १६४६ आहे! चौथ्या किलोमीटरनंतर मी मागे तोंड करून उतरत होते, शिडीवरून उतरतात तशी. आमचा गाईड पन्नाशीचा, पायात काळे रबरी बूट, खाली खुंट्या असलेले, ज्यांना तिकडे गंमतीने कांपुंग आदिदास म्हणतात, तो बागेत फिरल्यासारखा पुढे जायचा आणि वळणावर माझी वाट बघत बसायचा. माझे बूट त्याच्यापेक्षा वीसपट महाग होते. पुढचे तीन दिवस कमोडवर बसताना नवऱ्याचा हात धरावा लागला. तेव्हा तयारी करायची तर चढायची नको, उतरायची करा. सिंहगड चढून जीपने खाली येता ना, ते उलटं करा.

भटकी_भिंगरी
गुडघेपुराण +१००. काठ्या दोन घ्या, एक नव्हे.

पाऊसपाणी
मी माथा न बघता आलेला माणूस. माझंही लिहितो, कारण हे कोणी लिहीत नाही. जानेवारीत गेलो होतो, सुट्टी तेव्हाच होती. पहिल्या दिवशी दुपारी एकपासून पाऊस, हा तिथला रोजचाच, म्हणून सकाळी लवकर निघायचं, तसंही साडेदहानंतर गेटवरून सोडत नाहीत. आम्हाला वाटलं रात्री थांबेल. अडीचला जेवणाच्या हॉलमध्ये सगळे बूट घालून, डोक्याला बॅटऱ्या लावून बसलेले, कोणी बोलत नाही, फक्त पत्र्यावर पाऊस. तीन वाजले, साडेतीन वाजले. गाईड लोक बाहेर जाऊन वर बॅटरी मारून बघायचे आणि परत येऊन काही न बोलता चहा ओतून घ्यायचे, त्यावरूनच काय ते कळलं. पावसात त्या उघड्या कातळावरून पाण्याचे ओढे वाहतात, आणि वर सायात-सायात नावाची चौकी आहे ३६६८ मीटरवर, तिथे पहाटे पाचच्या आत पोचला नाहीत तर पुढे सोडत नाहीत. त्या दिवशी कोणालाच सोडलं नाही. पैसे परत नाहीत. एक पोरगा गाईडशी जाम भांडला, की आमच्याकडे आम्ही भर जुलैत गड करतो. आपलाच होता, मराठीच, मला मान खाली घालाविशी वाटली. गाईडने ऐकून घेतलं आणि म्हणाला, डोंगर उद्याही आहे. तिकडचे दुसुन लोक त्या डोंगराला मेलेल्यांच्या आत्म्यांचं घर मानतात, त्यांना त्याच्याशी हट्ट करायची सवय नाही.

सिंगापूरचा_काका
कागदपत्रांचं सांगतो. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवस व्हिसा माफ केलाय, तरी निघायच्या आधी ताजा नियम बघा. येण्याचं डिजिटल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. आणि क्वालालंपूरहून सबाला, म्हणजे किनाबालू आहे त्या राज्यात, जाताना विमान देशांतर्गत असलं तरी पासपोर्ट हातात ठेवा, सबाचं इमिग्रेशन वेगळं आहे, तिथे पुन्हा बघतात. माझ्या भाच्याने तो चेक-इन बॅगेत टाकला होता, ती बॅग विमानाच्या पोटातून परत काढायला लावली.

दुसरं, ५ जून २०१५ ला तिथे ६.० चा भूकंप झाला होता, १८ माणसं गेली, त्यात इथल्या एका प्राथमिक शाळेची मुलं होती, तिकडचे गाईडही होते. इथे सिंगापुरात त्या डोंगराचं नाव निघालं की अजून आवाज खाली येतो. त्यानंतर मेसिलाऊची दुसरी वाट बंद झाली, त्यामुळे जुन्या लेखांत मेसिलाऊने चढा असं वाचलं तर सोडून द्या.

चहाची_टपरी
जरा विषयांतर, पण जाऊबाई पर्वतीवाल्या आहेत म्हणून सुचवते. श्रीलंकेतलं श्रीपाद, म्हणजे अ‍ॅडम्स पीक, बघा ना. २२४३ मीटर, परवाना नाही, गाईड नाही. हॅटनपर्यंत ट्रेन, पुढे बसने पायथ्याचं नल्लतण्णी. हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत, तेव्हा पाच-साडेपाच हजार पायऱ्यांवर रात्रभर दिवे आणि चहाची दुकानं. पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या अनवाणी आपल्या पुढे जातात, लाज वाटते. वर घंटा आहे, जितक्यांदा आलात तितके टोल द्यायचे. माझ्या पुढच्या आजोबांनी टोल द्यायला सुरुवात केली ती मोजता मोजता मी सतराला थांबले, ते चालूच. मी एक दिला, हळूच. उजाडलं की डोंगराची त्रिकोणी सावली पलीकडच्या ढगांवर पडते, ती बघायला सगळे पश्चिमेकडे पळतात. हंगाम सोडून गेलात तर मात्र दिवे नाहीत, चहा नाही, आणि जळवा आहेत.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. तिकिटं काढलेली नाहीत, आधी खाटा विचारल्यात, मार्च भरलाय, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चार मिळतायत. पायथ्याला एक रात्र वाढवली, समुद्रातून एक कमी केली, त्यावरून दीर रुसलाय. सिंहगड उलटा सुरू केलाय. उतरताना गेटवर गाडी थेट मिळते ना? म्हणजे उतार संपला की संपलं?

गुडघेपुराण
गाडी मिळते. पण आपण पहिल्या दिवशी गेटमधून आत शिरलो की आधी धबधब्यापर्यंत खाली उतरतो, तेव्हा मजा वाटते. म्हणजे येताना अगदी शेवटी, गेट दिसत असताना, चढ आहे.

धागाकर्ती
हे जाऊबाईंना सांगत नाही.