मदत हवी आहे: हर्नियाच्या ऑपरेशननंतर डेडलिफ्टची (जमिनीवरचा वजनाचा बार उभं राहत मांड्यांपर्यंत उचलण्याच्या व्यायामाची) सुरुवात किती वजनापासून करावी?

नमस्कार मंडळी. वय ४१. उजव्या जांघेतल्या हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन नऊ आठवडे झाले, आत जाळी बसवली आहे. सर्जननी सहा आठवडे जड उचलायला मनाई केली होती, ती मी काटेकोर पाळली. परवाच्या तपासणीत ते "आता हळूहळू सुरू करा" एवढंच म्हणाले. हळूहळू म्हणजे नेमकं किती, हे विचारायचं तेव्हा सुचलंच नाही.

आधी मी १०० किलोचा डेडलिफ्ट सलग पाच वेळा मारायचो. सध्या रोज पाऊण तास चालणं आणि वजनाशिवाय बैठका. दुखत नाही, फुगवटाही नाही. फक्त शिंकताना आत ओढ बसते. श्वास कोंडून उचललं की पोटातला दाब वाढतो, म्हणून वर येताना श्वास सोडायची सवय लावतोय.

जे यातून गेलेत त्यांनी कृपया सांगा: २० किलोच्या रिकाम्या बारपासून सुरुवात केलीत का? वजन दर आठवड्याला वाढवलंत की जास्त थांबून? कमरेचा पट्टा वापरलात का? पट्ट्याने पोटातला दाब उलट वाढतो, म्हणून मला त्याची धास्ती वाटते. आणि ती ओढ किती दिवसांत गेली?

धाकटी १४ किलोची आहे. तिला अजून कडेवर घेतलेलं नाही, तेवढं तरी लवकर जमावं.