'रु' आला की अडायचं कारण नाही
वर प्रश्न आलाय की जपानी कराओकेत मागच्या शीर्षकाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाणं निवडताना 'रु'वर काय म्हणायचं. तेराओ अकिराचं १९८१चं 'रुबी नो युबिवा' आहे की! आमची आवडती साखळीच देते: 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी', मग 'कि'वर 'कितागुनी नो हारु' (दोन्ही १९७७ची), मग ही रुबी, आणि 'वा'वर मोरिताका चिसातोचं 'वाताशि गा ओबासान नि नात्तेमो'. एन्कापासून (जुन्या ढंगाची जपानी भावगीतं) पॉपपर्यंत सगळं एका फेरीत येतं, म्हणून हा खेळ मला आपल्या गाण्याच्या भेंड्यांइतकाच प्रिय आहे.

दीर्घ स्वराचं मात्र आधीच ठरवा. साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुको' ऐकताना लांब 'ओ'वर संपतं, पण काना या जपानी अक्षरलिपीत 'उ'वर, म्हणजे पुढच्याला पुन्हा 'उ'च.

गाणी शोधायला मराठी माणसाला सोपं जातं. जपानी अक्षरांचा अ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना... हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातूनच तिकडे गेलाय.

'न्'ने शेवट आला तर खेळाडू बाद, असा हाच खेळ नुसत्या शब्दांनी खेळतानाचा नियम. गाताना तो नको. त्याच्या आधीचं अक्षर घ्या आणि माइक पुढे द्या.