गाणारे, खेळणारे थेट हिरो-हिरॉईन झाले की आमच्या तालमीचं काय?

विंगेतला_प्रॉम्प्टर (धागाकर्ता)

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या विंगेत मी बावीस वर्षं उभा आहे. राज्य नाट्य स्पर्धेत कधी प्रॉम्प्टिंग केलं, कधी लाईट सांभाळले, कधी चार वाक्यांची भूमिका केली. आज मनातलं स्पष्टच लिहितो.

गेल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी मुंबईहून एक युनिट इथं शूटिंगला आलं. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीने दोन ऑडिशन दिल्या. भूमिका मिळाली, वाचनही झालं. ती दिवसा एका दुकानात बिलिंग करते. मालकाकडून पंधरा दिवसांची बिनपगारी सुट्टी मागून घेतली. शूटिंगला आठ दिवस उरले आणि फोन आला की तुमची भूमिका आता एक गायिका करणार आहे. का, तर तिला लाखो लोक फॉलो करतात.

माझं म्हणणं असं की गायक, खेळाडू, रीलवर गाजलेली मंडळी यांना थेट मुख्य भूमिका देणं बंद झालं पाहिजे. संदीप पाटील १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले. १९८५ साली 'कभी अजनबी थे' मध्ये हिरो झाले, सोबत सय्यद किरमाणीही होते. लिअँडर पेसने १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं आणि २०१३ मध्ये 'राजधानी एक्सप्रेस' केला. विजेंदर सिंगचं ब्राँझ २००८ चं, 'फगली' २०१४ चा. या तिघांच्या खेळापुढे मी हात जोडतो. पण त्यांच्या अभिनयातला एक तरी प्रसंग कुणाच्या लक्षात आहे का? आणि अतुल कुलकर्णी सोलापूरच्या हौशी रंगभूमीवरून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, १९९५ ला तिथून बाहेर पडले, मग 'हे राम' आणि 'चांदनी बार' साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतले. रस्ता हा असतो.

मंद्रसप्तक

दादा, तुमच्या ग्रुपमधल्या मुलीवर अन्याय झाला हे कबूल. पण गाणाऱ्यांना अभिनयात येऊ देऊ नका, हे मराठी माणसाने म्हणावं? आपल्याकडे १८८० ला किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिलं तेव्हापासून गाणारा आणि नट एकच माणूस होता. कंपनीत पोरगा घेताना आधी गळा बघायचे.

आणि फय्याज कुठल्या? आपल्या सोलापूरच्याच. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' मधली झरीना त्यांचीच. त्याच नाटकात खाँसाहेब उभे केले वसंतराव देशपांड्यांनी. हा माणूस पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होता आणि मैफली गात होता. कुठल्या नाट्यशाळेचा दाखला होता त्यांच्याकडे? त्यांचा नातू राहुल देशपांडे 'मी वसंतराव' मध्ये स्वतः आजोबांच्या भूमिकेत उभा राहिला. तो गायकच ना?

विंगेतला_प्रॉम्प्टर

ताई, कंपनीत गळा बघून घेतलेला पोरगा पुढे वर्षानुवर्षं तिथंच जेवायचा, झोपायचा, रोज तालीम करायचा. तीच शाळा होती. राहुल देशपांडेंनीही पडद्यावर येण्याआधी 'कट्यार' रंगमंचावर पुन्हा उभं करून खाँसाहेब केले होते. आठ दिवस आधी फोन करून नेलेल्या माणसाशी यांची बरोबरी करू नका.

शिवाय बालगंधर्वांचं बघा. रंगभूमीवर त्यांच्यासारखा दुसरा झाला नाही. प्रभात फिल्म कंपनीने त्यांच्याशी भागीदारी करून १९३५ ला 'धर्मात्मा' मध्ये त्यांना एकनाथ महाराज केलं आणि ती भागीदारी त्या एका चित्रपटावरच संपली. तुकड्यातुकड्यांत, समोर प्रेक्षक नसताना करायचं काम ते. जिथं बालगंधर्वांना ते जड गेलं, तिथं आजच्या गायकाला कुठल्या भरवशावर उभं करता?

करमाळ्याचा

काका, माफ करा, पण तुमचं तालमीचं गणित आमच्या तालुक्याने खोटं पाडलंय. 'फँड्री' चा जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, आमच्या केमचा. नागराज मंजुळेंच्या नजरेत तो आला हलगी वाजवताना. कॅमेरा काय असतो हे त्या पोराला माहीत नव्हतं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अकलूजची रिंकू राजगुरू 'सैराट' च्या वेळी शाळेत होती, तिचंही राष्ट्रीय पुरस्कारात खास कौतुक झालं.

आणि खरा राग सांगतो. शिकलेले नट गावाकडचं बोलायला लागले की सगळ्या महाराष्ट्राचं एकच बोलणं करून टाकतात. सोलापूर शहरात 'काय करलालास' म्हणतात, आमच्या करमाळ्याकडं असं कुणी बोलत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं मराठी आणखी वेगळं. अक्कलकोटकडं कानडीचा हेल येतो. आर्चीच्या तोंडचं बोलणं कुठल्या कार्यशाळेत शिकवतात सांगा.

तिसरी_घंटा

मी अठरा वर्षं नाटक करते, चार मालिकांत छोटी कामंही केली. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटतेय, म्हणून जरा लांब लिहिते.

सोमनाथ किंवा रिंकू प्रसिद्ध नव्हते. त्यांना बघायला आलेल्या माणसाच्या डोक्यात आधीपासून कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून जब्या जब्याच दिसला. प्रसिद्ध माणूस पडद्यावर येतो तेव्हा त्याला आधी स्वतःला पुसावं लागतं. शंभर मॅचमध्ये पाहिलेला चेहरा प्रेमपत्र वाचायला लागला की प्रेक्षकाला पत्र दिसत नाही, क्रिकेटपटूच दिसतो. ही अडचण नवशिक्याला नसते.

दुसरं, गायक आणि खेळाडू यांना एका तराजूत घालू नका. गायकाला श्वास कळतो. कुठं थांबायचं, समेवर कसं यायचं, एकच ओळ चार वेळा चार भावांनी कशी घ्यायची हे तो रोज करतो. संवाद म्हणजे तेच काम. हलगी वाजवणाऱ्याच्याही अंगात लय असते. गायकाची अडचण उलटीकडून येते. त्याला हजार लोकांपर्यंत पोचायची सवय असते, चेहरा मोठा होतो, हात मोठे होतात. क्लोजअपमध्ये नुसती पापणी हलली तरी पुरते. शंकर महादेवन २०१५ च्या 'कट्यार' चित्रपटात पंडितजी झाले तेव्हा मी फक्त त्यांचे न गाण्याचे प्रसंग बघत बसले होते. मला ते आवडले, कारण ते काही करून दाखवत नव्हते, शांत बसून समोरच्याचं ऐकत होते. त्याच चित्रपटात खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांसाठी राहुल देशपांडे गायले. एकाला नट शोधून गळा दिला, दुसरा गळाच नट म्हणून घेतला. दोन्ही रीती एका पडद्यावर चालल्या.

खेळाडूला कॅमेऱ्याची भीती नसते, पण त्याला आयुष्यभर एकच शिकवलेलं असतं की प्रतिस्पर्ध्याला आपली दमछाक, आपली भीती दिसू द्यायची नाही. अभिनयात नेमकं तेच दाखवायचं असतं. जाहिरातीत तो छान दिसतो, कारण तिथं तीस सेकंद स्वतःच व्हायचं असतं. दोन तास दुसरं कुणी व्हायचं म्हणजे ती सवय मोडावी लागते आणि त्याला महिने जातात. निर्माता ते महिने देतच नाही.

लाल_माती

ताई, लेखन आवडलं, पण खेळाडूला भावना दाखवता येत नाहीत हे पटत नाही. मी आखाड्यातला माणूस आहे. हरलेला पैलवान कोपऱ्यात बसून रडतो ते तुम्ही पाहिलं नसेल.

दारासिंग साठीच्या उंबरठ्यावर असताना रामायणात हनुमान झाले. त्या रामाकडं बघणाऱ्या डोळ्यांतली भक्ती कुठल्या नटाने तशी दाखवली? आमच्या घरात रविवारी टीव्हीला हार घालायचे. महाभारतातला भीम, प्रवीणकुमार, १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचं सुवर्ण जिंकलेला माणूस. त्या उंचीचा, त्या खांद्यांचा नट आणायचा कुठून?

आणि शिकलेले नट पैलवान झाले की मला बघवत नाही. शड्डू ठोकताना हात मांडीवर कुठं पडतो, माती अंगाला कशी लावतात, खडाखडीच्या वेळी मान कुठं असते, सगळं चुकतं. दोन महिने जिम करून पैलवान होत नाही. आमचीही तालीम आहे काका. आखाड्यालाही तालीमच म्हणतात.

विंगेतला_प्रॉम्प्टर

शेवटचं वाक्य लागलं, बरोबर जागी लागलं. पैलवानाची भूमिका पैलवानाने, शाहिराची शाहिराने करावी याला माझी हरकत नाही. 'कोर्ट' चित्रपटातले वीरा साथीदार आयुष्यभर चळवळीत राहिलेले, त्यांनी उभा केलेला लोकशाहीर कुठल्याच नटाला जमला नसता. पण आमच्या मुलीची भूमिका गायिकेची नव्हती. चहाची टपरी चालवणाऱ्या बाईची होती. गाणंही नव्हतं त्यात. मग त्या गायिकेचं कुठलं कसब तिथं लागणार होतं? फक्त नाव लागणार होतं.

लाईन_प्रोड्युसर_सोलापूर

मी अशा युनिटला इथं जागा, गाड्या, परवानग्या मिळवून देतो. तुमच्या गोष्टीतलं युनिट माझं नव्हतं. पण हा निर्णय कसा होतो ते माहीत आहे.

मराठी चित्रपटाला पहिल्या शुक्रवारी मिळतात ते दोन-तीन शो, तेही अडनिड्या वेळी. सोमवारपर्यंत माणसं आली नाहीत तर शो निघतो. मग चित्रपट कितीही चांगला असू दे. निर्मात्याने घर गहाण टाकलेलं असतं. त्याला पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढणारा माणूस हवा. गायिकेचे चाहते येतील या आशेवर तो भूमिका देतो. हावरटपणा म्हणा, मी त्याला धास्ती म्हणतो. प्रसिद्ध माणसं बंद केलीत तर काही चित्रपट सुरूच होणार नाहीत, आणि त्यात सोलापूरच्या दहा पोरांना मिळणारी छोटी कामंही जातील.

तिसरी_घंटा

फॉलो करणारा माणूस फुकट बघतो. तो तिकीट काढेलच हे कुणी तपासलंय? संदीप पाटलांना देशभर डोक्यावर घेतलं होतं, तरी चित्रपट पडलाच. धास्ती मला समजते. पण त्या धास्तीची किंमत दरवेळी बिलिंगच्या काउंटरवरची मुलगी का भरते?

टपरीवाली_बाई

ती मुलगी मी आहे. दादांनी न विचारता लिहिलं, पण प्रेमाने लिहिलं.

'बंद करा' हे मला पटलं नाही दादा. कुणी कुठून यावं हे ठरवायला लागलो तर पहिली मीच बाहेर जाईन. माझ्याकडे कुठल्या शाळेचा कागद आहे? मीही दुकानातूनच आलेय. त्या गायिकेनं मला फोन केला होता. तिला माहीतच नव्हतं की भूमिका आधी कुणाला दिली होती. चहा गाळताना पातेलं कसं धरायचं ते तिने मला विचारलं आणि मी सांगितलं. त्या भूमिकेसाठी मी नवी पेठेतल्या एका मावशींच्या टपरीवर चार रविवार उभी राहिले होते. निदान ते वाया जाऊ नये असं वाटलं.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या हातात काहीच नव्हतं. सगळं फोनवर ठरलं, फोनवर मोडलं. पंधरा दिवसांचा पगार गेला.

विंगेतला_प्रॉम्प्टर

पोरी, 'बंद' हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. निदान महिनाभर तालीम केल्याशिवाय कुणालाच, कितीही मोठं नाव असलं तरी, मुख्य भूमिकेत उभं करू नये, हे मी म्हणत राहणार.

लाईन_प्रोड्युसर_सोलापूर

ताई, पुढच्या वेळी वाचनाला बसायच्या आधी करार मागा. त्यात तारखा, मानधन आणि त्यांनी ऐनवेळी भूमिका काढली तर किती पैसे द्यायचे, हे लिहून घ्या. थोडा अॅडव्हान्स खात्यात आल्याशिवाय दुकानात सुट्टी टाकू नका. नवीन माणसाने मागितलं तर ते चिडतात, पण देतात.

टपरीवाली_बाई

फेब्रुवारीत एक वेबसिरीज आहे, काल बोलावणं आलं. ते कागद पाठवणार म्हणालेत, पण सगळा इंग्रजीत असतो. कुणी वाचून सांगेल का?

लाईन_प्रोड्युसर_सोलापूर

आला की घेऊन या. ओळ न् ओळ वाचून दाखवतो, मगच सही करा.