विषय: शनिवारची शर्यत: सनफिश घ्यायची का?

मंडळी, शनिवारी डॅलसच्या व्हाइट रॉक लेकवर शिडाच्या होड्यांच्या शर्यतीला चार लेझर जातीच्या होड्या येताहेत. बंडूने मात्र स्वस्तात मिळाली म्हणून सनफिश ही दुसऱ्या जातीची होडी घेतलीय. शर्यतीत घ्यायची की नाही, गुरुवारपर्यंत सांगा.
– सचिव

> लांबी जवळजवळ तेवढीच, दोन्ही एकट्याने चालवायच्या! वेळ मोजून पोर्ट्समथच्या तक्त्याने, म्हणजे वेगवेगळ्या होड्यांच्या वेळा तुलनेला आणणाऱ्या तक्त्याने, हिशोब करा की.
– बंडू

> लांबीवर जाऊ नकोस रे. वाऱ्याविरुद्ध जाताना लेझर तुला मागे टाकणार. मग तक्ता उघडून किनाऱ्यावर कोण जिंकलं यावर वाद. मागच्या वर्षी तऱ्हेतऱ्हेच्या होड्या आल्या होत्या, त्यातले किती जण पुन्हा शर्यतीला आले? होड्या सारख्या असल्या की पुढचा तो पहिला. मागे राहिलेल्याला पुढच्याकडे बघून शिकता येतं. ऐनवेळी सुकाणूची दांडी मोडली तर शेजारच्याची लागते. जुनी होडी विकायलाही गिऱ्हाईक इथेच मिळतं.
– नाना

> नाना, दक्षिणेचा वारा सुटला की सात चौरस मीटरचं शीड मला आवरत नाही. मग मीही बाद?
– ताई

> ताई, होडी तीच ठेवा. डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदला, झाली आयएलसीए ६, म्हणजे लहान शिडाची लेझर. शीड ५.७६ चौरस मीटर. २००८ पासून ऑलिंपिकला बायका यावरच उतरतात. (२०१९ पासून लेझरचं नाव आयएलसीए, पण आपण लेझरच म्हणणार.)
– नाना

> म्हणजे शीड वेगळं चालतं! मग सनफिशने काय घोडं मारलंय?
– बंडू

> दोन शिडांचे निकाल वेगळे लावू. सनफिश एकटीच, तिचा निकाल कुणाशी लावायचा?
– नाना

> १९८२च्या एशियाडची नौकाशर्यत मुंबईत झाली होती. फायरबॉल या दोघांच्या होडीत तारापोर-करंजियांना सुवर्ण. आम्ही किनाऱ्यावरून बघत होतो, पुढे कोण तेच कळेना. शिडं सारखी!
– अण्णा

> अण्णा, तुमची वर्गणी राहिलीय. आणि ट्रेलर मंडळाच्या गाळ्यात ठेवायचं कुणी ठरवलं? तिथे गणपतीचं मखर आहे.
– खजिनदार

> मखर घडीचं आहे, भिंतीला लावता येईल.
– ताई

> गेल्या वर्षी भिंतीलाच लावलं होतं, वाकलं. हात लावू नका.
– खजिनदार

> बरं, शनिवारी सनफिश घेऊन बोया (शर्यतीच्या मार्गाच्या तरंगत्या खुणा) टाकायला येतो. जुनी लेझर कुणी विकत असेल तर कळवा. शीड फाटकं चालेल, होडीत पाणी झिरपणारी नको.
– बंडू

> सुरुवातीला पाच मिनिटं उरल्याचा पहिला भोंगा दहाला. बोया साडेनऊला टाक, आणि लाइफजॅकेट घालून ये.
– नाना