होंडा सिटीला कोल्ड एअर इन्टेक बसवावा का?

रंकाळाकर:
माझी २०१२ ची सिटी, दीड लिटर आय-व्हीटेक, मॅन्युअल. कोल्हापूर-रत्नागिरी सारखं येणं-जाणं असतं, आंबा घाटात ओव्हरटेकला दम कमी पडतो. गॅरेजवाला कोल्ड एअर इन्टेकचे, म्हणजे इंजिनाला गार हवा देण्यासाठीचा ओपन (बिनडब्याचा) कोन फिल्टर आणि पाइप मिळून, अठरा हजार सांगतोय, वर 'दहा बीएचपी ताकद वाढणार' म्हणतोय. की कंपनीच्या स्टॉक फिल्टर-डब्यातच बसणारा के अँड एन कंपनीचा फिल्टर घेऊ?

घाटवेडा:
भावा, कोनच बसव. चार हजार आरपीएमनंतर आवाज ऐक, नाद खुळा!

जुनामिस्त्री:
आवाजासाठी घेणार असाल तर वाद नाही. दहा बीएचपी मात्र विसरा. बॉनेट उघडून बघा, स्टॉक डब्याचं तोंड पुढं ग्रिलकडं काढलेलं दिसेल. म्हणजे गार हवा कंपनीनं आधीच दिलीय. उघडा कोन रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की घनता साधारण ३ टक्क्यांनी उतरते, शिवाय नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, म्हणजे ताकद उलट घटते. पटत नसेल तर ओबीडी डोंगल (इंजिनाचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावा आणि घाटात ट्रकमागं रांगताना इन्टेक टेम्परेचर बघा.

पाइप खाली बंपरमागं नेला तर हवा गार मिळते, कबूल. पण पावसाळ्यात पंचगंगा रस्त्यावर आली की आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. फिल्टर बुडाला की पाणी सिलिंडरमध्ये जातं, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अठरा हजारांच्या पाइपापायी इंजिन खोलायचं का?

के अँड एन धुऊन परत वापरता येतो, एवढा फायदा खरा. तेल मात्र बेतानं लावायचं, जास्तीचं उडून एअर फ्लो सेन्सरवर बसतं. ऊसतोडीच्या दिवसांतल्या बारीक धुळीला मला तरी कागदी फिल्टरच बरा वाटतो.

आणि एक विचारतो, राग मानू नका. या इंजिनाची पूर्ण ताकद, ११८ पीएस, ६६०० आरपीएमला मिळते. ओव्हरटेकला तुम्ही कितव्या गिअरमध्ये असता?

रंकाळाकर:
चौथ्या. कधी तिसऱ्या. आत्ता फिल्टर काढून बघितला, काळाकुट्ट झालाय, घड्यांत वाळकी पानं अडकलीत.

जुनामिस्त्री:
मग आधी नवा कागदी टाका, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घ्या, प्लग बघा. आणि ट्रकमागं आलात की बिनधास्त दुसरा गिअर, म्हणजे आरपीएम वर राहील.

घाटवेडा:
तरी पण आवाज...