एकाच प्लांटवरून शेल हरली आणि बीपी जिंकली, असं कसं होतं?

कोथरूडकर२०

नमस्कार मंडळी, मी इंजिनिअर आहे, नोकरी सांभाळून एलएलबी चालू आहे आणि यावेळी प्रोजेक्टला एनर्जीमधलं आर्बिट्रेशन म्हणजे लवाद घेतलंय. एका ठिकाणी अडकलोय.

अमेरिकेत लुइझियानामध्ये व्हेंचर ग्लोबल कंपनीचा कॅल्कशू पास म्हणून एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) प्लांट आहे. शेल, बीपी, एडिसन, रेपसोल, गाल्प अशा बऱ्याच जणांनी तिथून २० वर्षं गॅस घ्यायचे करार केलेले. पहिला कार्गो (जहाजभर गॅस) निघाला मार्च २०२२ मध्ये, म्हणजे युक्रेन युद्ध नुकतंच सुरू झालेलं आणि युरोपात गॅसचे भाव वेड्यासारखे वर चाललेले. पण कंपनीचं म्हणणं की प्लांट अजून टेस्टिंगमध्ये आहे, प्लांटला वीज देणाऱ्या भागात बिघाड आहे, सीओडी म्हणजे कमर्शियल ऑपरेशन डेट अजून आलेली नाही, त्यामुळे करारातले कार्गो देणं आम्ही लागत नाही. सीओडी जाहीर केली थेट एप्रिल २०२५ मध्ये! मधल्या ३ वर्षांत ४०० च्या वर कार्गो बाजारभावाने दुसऱ्यांना विकून झाले. ग्राहक गेले आयसीसी म्हणजे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या लवादाकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये शेल हरली आणि ऑक्टोबरमध्ये बीपी जिंकली.

प्लांट तोच, बिघाड तोच, भांडण तेच. मग दोन निकाल उलटे कसे? दुसऱ्या ट्रिब्युनलने पहिल्याचा निकाल बघायला नको का? आणि आपल्या गेलसारख्या सरकारी कंपनीबरोबर असं झालं तर काय होतं? कोणाला माहीत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

फोर्टातली_वकील

प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर बहुतेक तुम्हाला आवडणार नाही. नाही, बघायला नको. म्हणजे बघितला तरी तो बंधनकारक नाही. कोर्टात वरच्या कोर्टाचा निकाल खालच्यांना पाळावा लागतो, तसं आर्बिट्रेशनमध्ये वर-खाली काही नसतंच. तीन जणांचं ट्रिब्युनल असतं, साधारणपणे दोन्ही बाजू एकेक आर्बिट्रेटर सुचवतात आणि तिसरा अध्यक्ष, आणि त्यांचा अधिकार फक्त त्या एका करारातून येतो. त्या कराराबाहेर त्यांना अधिकार नाही. शेलच्या ट्रिब्युनलला बीपीच्या कराराबद्दल बोलायचा हक्कच नाही.

दुसरं म्हणजे सगळं बंद दाराआड चालतं. सुनावणी खासगी, कागदपत्रं खासगी, अवॉर्ड म्हणजे लवादाचा निकालही खासगी. हे दोन निकाल आपल्याला कळले त्याला मोठं कारण म्हणजे व्हेंचर ग्लोबल जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजारात लिस्ट झाली, त्यामुळे एवढी मोठी गोष्ट गुंतवणूकदारांपासून लपवता येत नाही. बीपीवाली बातमी आली तेव्हा शेअर कसा कोसळला ते बघा.

तिसरं, "भांडण तेच" असं तुम्ही लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. करार एकाच साच्यातले दिसतात पण प्रत्येक ग्राहकाने आपापली घासाघीस केलेली असते, एखाद्या कलमात एक शब्द इकडचा तिकडे असतो. शिवाय कोणी कुठले साक्षीदार आणले, समोरच्याकडून कुठले ईमेल आणि रिपोर्ट मागवून घेतले, यावर फार फरक पडतो. बीपीच्या निकालात ट्रिब्युनलने दोन गोष्टी म्हटल्या, एक म्हणजे सीओडी वेळेत जाहीर केली नाही आणि दुसरी, करारात असलेलं "वाजवी आणि खबरदार ऑपरेटर" हे माप कंपनीने पाळलं नाही. हे माप एनर्जीच्या जवळपास सगळ्या मोठ्या करारांत असतं आणि ते इतकं सैल आहे की त्याच पुराव्यावर तीन शहाणी माणसं हो म्हणू शकतात आणि दुसरी तीन तितकीच शहाणी माणसं नाही म्हणू शकतात. आणि हो, त्या निकालात फक्त चूक कोणाची एवढंच ठरलं, पैसे किती ते पुढच्या टप्प्यावर ठेवलं.

तुम्ही विचाराल की मग सगळ्यांच्या केसेस एकत्र का नाही चालवत. तर त्याला सगळ्यांची संमती लागते किंवा करारातच तशी सोय लागते, आणि विक्रेत्याला सहा वेगळ्या लढाया परवडतात कारण एक हरला तरी पाच राहतात. अपील म्हणाल तर नाही. कोर्टात आव्हान देता येतं पण कोर्ट फक्त प्रक्रिया बघतं, आर्बिट्रेटरने कराराचा अर्थ चुकीचा लावला एवढ्यावरून सहसा निकाल मोडत नाहीत. २५ वर्षांपूर्वी हे सगळं "झटपट आणि अंतिम" म्हणून विकलं गेलं. अंतिम आहे हे खरं, पण या केसेसमध्ये बरोबर निकालाची खात्री कोण देणार हा प्रश्न मला खरंच सतावतो.

हजिरा_शिफ्ट

गेलबद्दल मी सांगतो, मी गॅस खरेदीच्या बाजूला काम केलंय. असं झालेलं आहे दादा, अगदी असंच नाही पण जवळपास.

गेलने २०१२ मध्ये गॅझप्रॉमच्या सिंगापूरच्या कंपनीशी २० वर्षांचा करार केला, वर्षाला २५ लाख टन एलएनजी, पुरवठा सुरू झाला २०१८ मध्ये. ती सिंगापूरची कंपनी गॅझप्रॉम जर्मनियाच्या खाली होती. युद्ध सुरू झाल्यावर एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने गॅझप्रॉम जर्मनिया ताब्यात घेतली, पुढे नाव बदलून सेफे केलं आणि राष्ट्रीयीकरण केलं. रशियाने उलट त्या कंपन्यांवरच निर्बंध टाकले, त्यामुळे यमालचा रशियन गॅस त्यांना मिळेना आणि आपले कार्गो थांबले. नेमकं तेव्हा स्पॉट म्हणजे तात्काळ खरेदीच्या बाजारात भाव करारापेक्षा कित्येक पट. गेलला खत कारखान्यांचा पुरवठा कमी करावा लागला, उत्तर प्रदेशातल्या पाता इथला स्वतःचा पेट्रोकेमिकल प्लांट हळू चालवावा लागला. म्हणजे भांडण बर्लिन आणि मॉस्कोचं, आणि झळ आपल्या युरियाला.

२०२३ मध्ये पुरवठा परत सुरू झाला. न आलेल्या कार्गोंसाठी गेलने लंडनच्या एलसीआयए या लवाद संस्थेत १८१.७ कोटी डॉलरचा दावा टाकला. आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलर घेऊन मिटवलं, साधारण २,४४० कोटी रुपये. आता बरेच लोक म्हणाले की फार कमी घेतले. मला तसं वाटत नाही. एलएनजीच्या करारांमध्ये माल दिला नाही तर किती भरपाई द्यायची याला बहुतेक वेळा वरची मर्यादा घातलेली असते, कराराच्या किमतीच्या अमुक टक्के वगैरे, ती करताना कोणी लक्ष देत नाही कारण भाव दहापट होतील असं कोणाच्या डोक्यात नसतं. ती मर्यादा ओलांडायची तर समोरच्याने मुद्दाम केलं हे दाखवावं लागतं, आणि इथे समोरचा म्हणणार की रशियानेच माझ्यावर निर्बंध टाकले, मी काय करू. शिवाय करार अजून बरीच वर्षं चालायचाय, ज्याच्याकडून गॅस घ्यायचाय त्याच्याशी पाच वर्षं लढत बसणं खरेदीदाराला परवडत नाही. हे वकिलांना पटत नाही पण टर्मिनलवर बसलं की कळतं.

कोथरूडकर२०

बापरे, दोघांचेही खूप आभार. वकील ताई, एक शंका. अवॉर्ड अंतिम असतो म्हणालात, पण मी वाचलं की स्पेन तर हरूनसुद्धा पैसे देत नाहीये?

फोर्टातली_वकील

स्पेनचं प्रकरण वेगळं आहे, ते कराराचं नाही तर तहाचं आहे. थोडक्यात सांगते. स्पेनने २००७ मध्ये सोलर आणि पवनऊर्जेला घसघशीत दर जाहीर केले, परदेशी पैसा धो धो आला, मग मंदीत २०१० पासून दर कापत गेले. गुंतवणूकदारांनी एनर्जी चार्टर ट्रीटी या ऊर्जा गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या तहाखाली पन्नासच्या आसपास दावे टाकले आणि बरेचसे जिंकले. पण युरोपियन कोर्टाने २०२१ मध्ये कॉमस्ट्रॉय निकालात सांगितलं की युरोपियन युनियनमधल्या गुंतवणूकदाराने युनियनमधल्याच देशाविरुद्ध या तहाखाली लवादाला जाणं आमच्या कायद्यात बसत नाही, आणि युरोपियन कमिशन म्हणतं की असे पैसे दिले तर ती बेकायदा सरकारी मदत. म्हणून मग लोक अवॉर्ड घेऊन युरोपबाहेर गेले, ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २०२३ मध्ये स्पेनचा सार्वभौमत्वाचा बचाव फेटाळला. ब्रिटन आणि युरोपियन युनियन आता या तहातूनच बाहेर पडलेत, पण त्यात २० वर्षांची शेपटी आहे, जुन्या गुंतवणुकीला तोवर संरक्षण. इटली २०१६ मध्ये बाहेर पडूनही रॉकहॉपर नावाच्या तेल कंपनीने त्या शेपटीच्या जोरावर २०२२ मध्ये १९ कोटी युरोचा अवॉर्ड मिळवला, तो पुढे २०२५ मध्ये रद्द झाला. एवढी वर्षं, एवढा खर्च, आणि शेवटी अवॉर्डच उरला नाही. तुमच्या प्रोजेक्टसाठी हे वेगळं प्रकरण करा, शेल-बीपीमध्ये मिसळू नका.

अंजनवेलकर

मी सहसा लिहीत नाही पण गेल, एलएनजी आणि लंडन हे शब्द एकत्र वाचले म्हणून लिहितो. आमच्या गुहागर तालुक्यात हे सगळं १९९३ पासून बघितलंय. एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीचा करार डिसेंबर १९९३ चा, युतीचं सरकार आलं आणि ऑगस्ट १९९५ मध्ये रद्द केला, लगेच कंपनी लंडनला लवादात गेली, मग वाटाघाटी होऊन प्रकल्प परत उभा. १९९९ ला पहिला टप्पा सुरू, मग युनिटचा दर कधी ७ रुपयांच्या वर, एमएसईबीची कंबर मोडली. आणि कोथरूडकर, तुमच्या सीओडीसारखाच एक तांत्रिक मुद्दा तिथे निघाला होता. जानेवारी २००१ मध्ये प्लांट बंद अवस्थेतून सांगितलेल्या वेळेत पूर्ण क्षमतेला आला नाही म्हणून एमएसईबीने ४०१ कोटींचा दंड लावला आणि मे महिन्यात करारच मोडला. प्लांट बंद. मग लंडनचा लवाद, इकडे वीज नियामक आयोग म्हणतो हा आमचा अधिकार, मुंबई हायकोर्ट, मॉरिशसमार्गे जीई आणि बेक्टेलचे दावे, परदेशी बँकांचे वेगळे दावे. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचंच दिवाळं निघालं. शेवटी २००५ मध्ये बेक्टेलला १६ कोटी डॉलर आणि जीईला १४.५ कोटी डॉलर देऊन मिटवलं आणि प्लांट एनटीपीसी आणि गेलच्या नव्या कंपनीकडे आला. आज तिथल्याच टर्मिनलला गेलचे कार्गो लागतात, दीर्घ मुदतीच्या करारातला अमेरिकेचा पहिला कार्गो मार्च २०१८ मध्ये इथेच उतरला.

मला राग कशाचा आहे सांगतो. मूळ वीजखरेदी करार लोकांसमोर यायला किती झगडावं लागलं. पैसा आमच्या बिलातून जातो, जमीन आमच्या गावांची जाते, आणि युक्तिवाद मात्र कुठेतरी दुसऱ्या देशात बंद खोलीत. दोन खासगी कंपन्या भांडतायत तर ठेवा गुप्त, माझं काही म्हणणं नाही. पण जिथे एमएसईबी किंवा गेल आहे तिथे निकाल छापला पाहिजे.

हजिरा_शिफ्ट

अंजनवेलकर, तुमचा मुद्दा मनापासून पटतो, फक्त एक अडचण सांगतो. गेलने किती कमीवर तडजोड केली आणि का केली हे सगळं छापलं तर पुढचा विक्रेता तेच कागद घेऊन टेबलावर बसेल. भाव कसा ठरतो ते फॉर्म्युले तरी झाकावेच लागतील.

फोर्टातली_वकील

झाका ना, फॉर्म्युले झाकून बाकीचा निकाल देता येतो, गुंतवणूक तहांच्या केसेसमध्ये कित्येक वर्षं असंच काळ्या पट्ट्या मारून छापतात. सरकारी कंपनी पक्षकार असेल तर अवॉर्डमधली कारणमीमांसा ठरावीक मुदतीनंतर खुली होईल, एवढं एक वाक्य करार करतानाच लवादाच्या कलमात घालता येतं. आत्ता आपण उलट्या दिशेने चाललोय. अर्थ मंत्रालयाच्या जून २०२४ च्या सूचना बघा, देशांतर्गत सरकारी खरेदीत १० कोटींच्या वरच्या वादांना लवादाचं कलम सहजासहजी घालू नका म्हणतात. लवाद नको तर मग कोर्टात २० वर्षं. आणि रिलायन्स-ओएनजीसीच्या गॅस स्थलांतराचा (ओएनजीसीच्या क्षेत्रातला गॅस शेजारच्या रिलायन्सच्या क्षेत्रात वाहत गेल्याचा) वाद बघा, २०१८ मध्ये लवादाने सरकारचा दावा फेटाळला, २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी तो निकाल कायम केला, फेब्रुवारी २०२५ मध्ये खंडपीठाने मोडला. पण तिथे कोर्टाचे निकाल उघड आहेत म्हणून कोणाचं काय चुकलं यावर आपण दोघं वाद तरी घालू शकतो. कोथरूडकर, खंडपीठाचा तो निकाल पूर्ण वाचा आणि मग शेल-बीपीकडे परत या, प्रोजेक्टला तिथून जास्त मिळेल. अंजनवेलकर, तुमच्याकडे त्या काळातली कात्रणं असतील तर स्कॅन करून इथे टाकाल का, नव्या मुलांनी ती वाचायलाच हवीत.

अंजनवेलकर

आहेत. दाभोळ प्रकरण तपासणाऱ्या गोडबोले समितीच्या अहवालाच्या वेळची बरीच आहेत, रविवारी काढतो.