शब्दचर्चा : हवामान करारांतलं ‘निव्वळ’, ‘संधी’ आणि ‘करावे’

धंतोली : विज्ञान प्रदर्शनासाठी हवामान करारांवरचे फलक मराठीत करायचे आहेत. मूळ मजकूर अर्धा हिंदीत, अर्धा इंग्रजीत. अडलेले शब्द असे : जलवायु संधि, पेरिस समझौता, पार्टी, नेट झीरो, फेज डाउन, मिटिगेशन, अडॅप्टेशन. शिवाय एक वाक्य, ‘२०३० तक उत्सर्जन तीव्रता में ४५ प्रतिशत कमी’. याचं ‘उत्सर्जन ४५ टक्के कमी’ केलं तर चालेल का?

महालकर : शेवटच्यापुरतं आधीच सांगतो, नाही चालणार. का, ते इथले वीजवाले सांगतील. मी हिंदीतून आलेले शब्द घेतो, कारण नागपुरात निम्मी गडबड तिथेच होते.

‘संधि’चा शेवट दीर्घ करून ‘संधी’ लिहिलं की मराठी वाचणारा ‘चान्स’ वाचतो. ‘आंतरराष्ट्रीय हवामान संधी’ ही नोकरीची जाहिरात वाटेल. ‘तह’ लढाई संपल्यावरचा, तोही नको. ‘करार’ लिहा. ‘समझोता’ मराठीत आहे, पण त्याला तडजोडीचा वास आहे, दोघांनी थोडं थोडं सोडून मिटवलेलं प्रकरण. म्हणून ‘पॅरिस करार’. ‘जलवायू परिवर्तन’ इथे सर्रास ऐकू येतं, समजतंही, तरी फलकावर ‘हवामान बदल’ बरं.

१९९२ च्या रिओ परिषदेत सह्यांसाठी खुल्या झालेल्या मूळ करारात ‘कन्व्हेन्शन’ शब्द आहे. त्याचं ‘अधिवेशन’ करू नका. नागपूरकराला अधिवेशन म्हटलं की डिसेंबर, विधानभवन आणि बंद केलेले रस्ते दिसतात. इथे कन्व्हेन्शन म्हणजे बैठक नव्हे, दस्तऐवज. ‘हवामान बदलविषयक आराखडा करार’ असं लिहा. दरवर्षी भरते ती ‘कॉप’, म्हणजे या कराराच्या पक्षकारांची परिषद. पहिली १९९५ साली बर्लिनला झाली. आणि ‘पक्षांची परिषद’ लिहिलंत तर कोणता पक्ष कोणाशी युती करतोय असं लोक विचारतील. कोर्टातला ‘पक्षकार’ हाच नेमका शब्द.

गोरेवाडा : यात भर. ‘भारताने पॅरिस करार केला’ या एका क्रियापदात चार वेगळ्या तारखा लपतात. करार स्वीकारला गेला १२ डिसेंबर २०१५ ला. भारताची सही २२ एप्रिल २०१६ ला. अनुसमर्थन, म्हणजे करार आपल्यावर बंधनकारक असल्याचं देशाने रीतसर कळवणं, २ ऑक्टोबर २०१६ ला. करार अंमलात आला ४ नोव्हेंबर २०१६ ला, कारण निदान ५५ पक्षकार आणि जगाच्या उत्सर्जनातला निदान ५५ टक्के वाटा, अशा दोन्ही अटी पुऱ्या होऊन ३० दिवस जावे लागतात. सही म्हणजे बांधून घेणं नव्हे. अमेरिकेने क्योटो करारावर, म्हणजे पॅरिसच्या आधीच्या उत्सर्जन-कपातीच्या करारावर, १९९८ साली सही केली, अनुसमर्थन कधीच केलं नाही. ‘अनुसमर्थन’ जड वाटला तरी ठेवा; ‘मान्यता’ लिहिलं की नेमका हाच फरक पुसला जातो.

कोराडी रोड : ४५ टक्क्यांचं. तीव्रता म्हणजे सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या दर रुपयामागे किती उत्सर्जन. भारताने २०२२ साली दिलेलं उद्दिष्ट आहे : २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ही तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी. समजा, २००५ ला उत्पन्न १०० आणि उत्सर्जन १००. उत्पन्न तिप्पट झालं, ३००. तीव्रता १ वरून ०.५५ वर आली. ३०० गुणिले ०.५५, म्हणजे १६५. उद्दिष्ट पूर्ण, आणि उत्सर्जन ६५ टक्क्यांनी वाढलेलं. (तिप्पट हे उदाहरणापुरतं.) आता तुमच्या फलकावर ‘उत्सर्जन ४५ टक्के कमी’ आलं तर ते नुसतं चूक नव्हे, दिशाच उलटी.

याच उद्दिष्टांत ५० टक्के बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) ‘स्थापित क्षमता’ आहे. तिचं ‘निम्मी वीज’ होतं. क्षमता मेगावॅटमध्ये, वीज युनिटमध्ये. १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीने साधारण २० मेगावॅटच चालतो, कारण रात्र आहे, ढग आहेत. कोळशाचा संच त्याच्या कितीतरी पट चालतो. म्हणून क्षमतेचा निम्मा टप्पा २०२५ साली गाठला, तरी विजेचा मोठा वाटा अजून कोळशाचाच.

आणि टन लिहाल तेव्हा कशाचा, ते लिहा. कार्बनचा अणुभार १२, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. १ टन कार्बन जळला की ३.६७ टन वायू होतो. एका ओळीत ‘कार्बन’, दुसऱ्या ओळीत ‘कार्बन डायऑक्साइड’ आणि आकडे शेजारी शेजारी, असा तक्ता दिसला की काऊन बाप्पा, एवढंच विचारावंसं वाटतं.

धंतोली : बरं झालं विचारलं. मग ‘नेट झीरो’चं ‘निव्वळ शून्य’ तरी बरोबर ना?

अंबाझरी : बरोबर, पण एकटं सोडू नका. ताळेबंदात ‘निव्वळ नफा’ म्हणजे वजावट करून उरलेला. बोलण्यात मात्र ‘निव्वळ थापा’, ‘निव्वळ पाणी’, म्हणजे दुसरं काहीच नाही. त्यामुळे ‘२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन’ हे साध्या वाचकाला ‘धूर अजिबात नाही’ असं ऐकू येतं. तसं नाही. उत्सर्जन चालूच राहू शकतं, तेवढंच शोषून घेतलं पाहिजे. मराठीत ‘निव्वळ’ची जोडी ‘ढोबळ’शी आहे, तिचाच उपयोग करा : ‘ढोबळ उत्सर्जन १०० टन, जंगल-जमिनीने शोषलेलं १०० टन, निव्वळ शून्य’. एवढी एक ओळ फलकावर असली की काम होतं.

महालकर : ‘नक्त’ हा पर्याय आहे. नक्त मूल्य म्हणतातच की.

अंबाझरी : सहकारी बँकेच्या अहवालात म्हणतात. बाहेर ‘नक्त’ म्हणजे रात्री जेवून सोडायचा उपास. पोरं विचारतील शून्याचा उपास कशाला.

कोराडी रोड : ‘फेज डाउन’वर जपून. ग्लासगोला झालेल्या २०२१ च्या कॉपच्या ठरावात एकाच वाक्यात दोन्ही आहेत : कोळशाच्या विजेसाठी फेज डाउन आणि जीवाश्म इंधनांच्या अकार्यक्षम अनुदानांसाठी फेज आउट. कोळशाचं ‘आउट’ शेवटच्या तासांत भारताच्या आग्रहाने ‘डाउन’ झालं, आणि सगळा वाद त्या एका शब्दावर झाला. मराठी मथळ्यात दोन्हींना ‘हद्दपार’ म्हटलं तर वाद कशावर होता हेच कळत नाही. पहिल्याला ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’, दुसऱ्याला ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’. त्याच वाक्यात ‘अनअबेटेड’ आहे. शब्दकोश त्याचं ‘अविरत’ देईल. तिथे अर्थ आहे, धुरातला कार्बन न पकडता जाळलेला कोळसा.

गोरेवाडा : मिटिगेशन म्हणजे ‘शमन’, अडॅप्टेशन म्हणजे ‘अनुकूलन’. ‘सौम्यीकरण’ नको, त्याने परिणाम सौम्य करायचा असं वाटतं. शमन कारणावर चालतं, म्हणजे उत्सर्जन कमी करणं. अनुकूलन म्हणजे होणाऱ्या उन्हाला तोंड देणं. नागपुरी उदाहरण द्या : मे महिन्यात खिडकीला लावलेला कूलर हे अनुकूलन. ताट्यांवरून पाणी उतरतं, पंखा बाहेरची कोरडी हवा ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. जुलैत हवा दमट झाली की वाफ होत नाही आणि तोच कूलर नुसता चिकचिक करतो. एसी हेही अनुकूलन, पण त्यातला वायू शमनाच्या विरुद्ध जातो. आर-४१०ए चा १ किलो हवेत सुटला तर १०० वर्षांच्या हिशेबात २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो, आर-३२ चा ६७५ किलोएवढी.

हे वायू कमी करायचं ठरलं ते पॅरिसमध्ये नव्हे, १९८७ च्या माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत. आणि ते ओझोनला धक्का लावत नाहीत. ‘ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं’ ही ओळ मूळ मजकुरात असेल तर सरळ काढून टाका.

महालकर : आकड्यांत अजून एक. ‘पृथ्वीचं तापमान १.५ अंशांवर रोखणे’ असं छापून येतं. एवढ्या थंडीत आपण सगळे गोठू. १८५० ते १९०० च्या सरासरीच्या तुलनेत ‘वाढ १.५ अंश सेल्सिअसपर्यंत रोखणे’ असं हवं. फॅरनहाइट दिलंत तर वाढीला फक्त १.८ ने गुणा, येतं २.७. सवयीने ३२ मिळवले की ३४.७ होतात. २०२४ हे एक वर्ष १.५ च्या वर गेलं, त्याने कराराची मर्यादा मोडली असं होत नाही. ती दीर्घकालीन सरासरीची आहे.

धंतोली : शेवटचं. करारातली कलमं ‘करावे’ने संपवू की ‘करतील’ने?

अंबाझरी : हाच सर्वांत अवघड प्रश्न. इंग्रजी ‘शॅल’ बंधनकारक, ‘शुड’ अपेक्षा. १२ डिसेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये कलम ४, परिच्छेद ४ मधलं विकसित देशांबद्दलचं ‘शॅल’ अगदी शेवटी ‘शुड’ करून घेतलं गेलं. छपाईची चूक म्हणून दुरुस्ती वाचून दाखवली. ‘शॅल’ राहिलं असतं तर अमेरिकेला मंजुरीसाठी सिनेटकडे जावं लागलं असतं.

आपल्या कायद्याच्या मराठीत ‘शॅल’चं ‘करील, करतील’ होतं आणि ‘शुड’चं ‘करावे’. पण शासकीय परिपत्रकात ‘तात्काळ कार्यवाही करावी’ हा चक्क हुकूम असतो, आणि ‘देश उत्सर्जन कमी करतील’ हे ज्योतिषाचं भाकीत वाटतं. म्हणजे वाचकाच्या कानात जोर नेमका उलटा बसतो. फलकासाठी दोन्ही टाळा. बंधनकारक असेल तिथे ‘करणे बंधनकारक’, नसेल तिथे ‘करणे अपेक्षित’.

धंतोली : कलम ४ चा फलक मग तसाच करते. ‘विकसित देशांनी पुढाकार घेत राहणे अपेक्षित’.